ज्या घरात मुंगी नव्हती

माझी मुलगी चार वर्षांची असताना वर्षभर मी तिला रोज थोडं थोडं विष दिलं. हे एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि लिहिल्यावरही ते खोडून टाकावंसं वाटतं आहे. खोडत नाही. दुधातून किंवा भातातून नाही दिलं. घराला लावलं. भिंतींना लावलं, जमिनीला लावलं, आणि आमचं घर गावात सगळ्यांत स्वच्छ म्हणून वर मिरवलं.

मी धुळ्याची. शहाबादी फरशीच्या दोन खोल्यांत वाढले, मॅट्रिक झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन धरणगावजवळच्या एका खेड्यात आले. नवऱ्याची कपाशीची शेती होती आणि घर होतं धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर हातभर मातीचा थर. बाहेर उन्हानं अंगाची काहिली होत असताना आत गारवा असायचा, हे आज मी कौतुकानं सांगते. तेव्हा मी नाक मुरडायची. वरून ताटात माती झरायची, तुळयांना वाळवी लागलेली, बाजेत ढेकूण. आणि दर आठ दिवसांनी शेणामातीनं जमीन सारवायची. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरात मला शिकवणारं कोणी नव्हतं आणि अडवणारंही नव्हतं. सारवायला शिकवलं ते शेजारच्या वहिनीनं. माझं पहिलं सारवण वाळल्यावर पापडासारखं सुटून आलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत बसली होती.

मुलगी झाली आणि माझं ढेकणांशी वैर सुरू झालं. सकाळी तिच्या पाठीवर, मानेवर लाल गांधी उठलेल्या असायच्या. वहिनी म्हणायची, बाजेच्या सुंभावर उकळतं पाणी ओत आणि दिवसभर उन्हात उभी कर. मी एकदोनदा केलं. पण मी मुळातच उतावळी आणि चिडकी. काम एका दमात संपलं पाहिजे, असा माझा खाक्या होता. ढेकूण दर पंधरा दिवसांनी परत यायचे आणि मी त्यांच्यासाठी पाणी उकळत बसायचं, हे मला अपमानासारखं वाटायचं.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या हंगामात नवऱ्यानं कपाशीवर मारायला नवं औषध आणलं. पाठीवर पंप बांधून तो फवारून यायचा आणि उरलेला डबा घरी माळ्यावर ठेवायचा. तो म्हणाला, याच्यानं अळी दुपारपर्यंत खाली पडते. मी मनात म्हटलं, अळी पडते तर ढेकूण काय मोठा लागून गेला?

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्याआधी सगळी गल्ली घरं सारवून, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारून लख्ख करते. त्या आखाजीच्या चार दिवस आधी मी घमेल्यात शेण घेतलं, पिवळी माती घेतली आणि त्यात झाकणभर औषध ओतलं. हातानं कालवलं. बोटांना थोड्या मुंग्या आल्यासारखं झालं, हात मी साबणानं धुतले. भिंतींच्या पोताऱ्यातही एक झाकण टाकलं. कामात काम.

तीन दिवसांत ढेकूण संपले. वाळवी थांबली. तुळईवरून एक पाल टपकन खाली पडली, मी ती सुपलीनं उचलून उकिरड्यावर टाकली आणि मला आनंद झाला. माश्या नाहीत, झुरळ नाही, गुळाचा खडा चुलीजवळ उघडा ठेवला तरी त्याला मुंगी लागेना. आखाजीला गल्लीतल्या बाया आणि माहेरवाशिणी आमचं घर बघायला आल्या. मी त्यांना माप सांगितलं, एका घमेल्याला एक झाकण. वहिनीनं आधी नाक वाकडं केलं, नंतर तीही घेऊन गेली. सातआठ घरांत माझ्या हातची रीत गेली. धुळ्याची सून हुशार निघाली, असं म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. इतकं सुख मला त्याआधी सासरी मिळालं नव्हतं.

मी दर आठ दिवसांनी झाकण ओतत राहिले. जमीन गार, गुळगुळीत, पिवळीधमक. मुलगी दिवसभर तिच्यावर पालथी पडून खेळायची.

पावसाळ्यात तिला खोकला लागला. मग छातीत घरघर. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, झगा पुढून सतत ओला. पोटात कळ येते म्हणायची आणि गुडघे पोटाशी घ्यायची. धरणगावच्या डॉक्टरांनी दमा सांगितला. औषधं झाली, अडुळशाचा रस झाला, गळ्यात कोणाकोणाचे गंडे झाले. माझा गंड्यांवर विश्वास नव्हता. तरी तीन बांधले.

मग मी तिला माहेरी धुळ्याला नेलं. आठ दिवसांत ती आईच्या अंगणात पळायला लागली. गावी परत आणली, चौथ्या दिवशी पुन्हा घरघर. पुन्हा धुळ्याला नेलं, पुन्हा बरी. असं तीनदा झालं. कोणाही शहाण्या माणसाला यातून कळलं असतं की दोष घरात आहे. मलाही कळलं. तेवढं शहाणपण माझ्यात होतं. पण घरातल्या कशात, ते मी आधीच ठरवून बसले होते. आईच्या घरी फरशी होती आणि आमच्या घरी माती होती. डॉक्टरही म्हणाले होते की धुळीपासून जपा. झालं. मातीनंच माझी पोर खाल्ली, असं मी नवऱ्याला सांगितलं.

त्याला घर मोडायचं नव्हतं. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही, पाचव्या दिवशी तो धरणगावहून गवंडी घेऊन आला. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा झाला. छातीपर्यंत निळा ऑइलपेंट. जमिनीवर सिमेंटचा कोबा. धाब्यात उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक होतं, त्यातून माती येते म्हणून मी ते बुजवलं. तुळयांखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिकचा कागद ताणला. मागची खिडकी रस्त्याची धूळ आणते म्हणून ठोकून टाकली. घर डबीसारखं बंद झालं आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता आपण पोरीला वाचवलं.

कोब्यावर सारवण लागत नाही. पण महिनाभरानं उंबऱ्याच्या फटीतून मुंग्यांची एक बारीक रांग आत आलेली दिसली. मी फरशी पुसायच्या बादलीत झाकण ओतलं. त्या दिवसापासून रोज.

वैशाखातली दुपार होती. आमच्याकडे त्या दिवसांत अकरा वाजता दारं लावून घेतात ती पाच वाजता उघडतात, बाहेर झळा असतात. मुलगी अंगातला झगा काढून गार कोब्यावर निजली होती. माझं डोकं ठणकत होतं. ते रोजच ठणकायचं, मी उन्हाला बोल लावायची. कसला तरी आवाज आला म्हणून बघितलं तर तिच्या तोंडाला फेस होता. ओठ जांभळे. मी हाक मारली, तिनं बघितलं नाही. मी तिला उचलली तेव्हा तिचे हात खाली लोंबले.

नवरा शेतात होता. मी अनवाणी रस्त्यावर धावले. एका व्यापाऱ्याचा मॅटाडोर जळगावला निघाला होता, त्यात बसले. वहिनी माझ्यामागे धावत आली आणि चपला न घालताच चढली. वाटेतल्या पाळधी गावापर्यंत मी पोरीचे श्वास मोजत होते. पुढे मोजता येईनात, कारण दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं, हाच शेवटचा. मी देवाला काहीही कबूल केलं नाही. मी फक्त म्हणत होते, घे, घे, अजून एक घे. वहिनी माझा दंड धरून बसली होती, तिच्या बोटांचे वळ चार दिवस होते.

जळगावच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचे डोळे बघितले आणि ताबडतोब माझ्याकडे वळले. शेतातलं काही औषध मुलीच्या पोटात गेलं का, असं त्यांनी विचारलं. मला राग आला. मला वाटलं, खेड्यातली बाई बघून हा मला गबाळी समजतो आहे. मी म्हटलं, नाही, आमचा डबा माळ्यावर असतो, तिचा हात पोचत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून. मी पुन्हा नाही म्हटलं. मी खोटं बोलत नव्हते. आणि त्याच्याएवढं मोठं खोटं मी आयुष्यात बोललेली नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नसावा, कारण त्यांनी त्यांच्या मनाप्रमाणे इंजेक्शनं दिली आणि पोरगी जगली. सहाव्या दिवशी घरी सोडताना ते म्हणाले, हिला काही महिने त्या गावापासून लांब ठेवा.

ती धुळ्याला आईकडे राहिली. मी गावी आले आणि तिच्या परत येण्याची तयारी म्हणून घर पुसायला लागले. सकाळ-संध्याकाळ. स्वच्छतेत माझं काहीतरी कमी पडतं आहे, याबद्दल माझी खात्री झाली होती. एक झाकणाचं मी दीड झाकण केलं. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. नवरा जेवायला बसला की त्याच्या ताटाभोवती मी पुसत असायची. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. पोरीचा विषय कोणी काढत नव्हतं.

पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली. मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा फुगला आणि त्याचे ढलपे निघून पडायला लागले. धरणगावचा गवंडी बोलावून बोलावून येईना. शेवटी नवऱ्यानं तापीकाठच्या एका खेड्यातून मातीकाम करणारे म्हातारे आबा आणले. माझ्या सासऱ्यांच्या वेळी या भिंतींचं काम त्यांनीच केलं होतं, आणि पोरीचं दुखणं त्यांच्या कानावर आलं होतं. मी मनात म्हटलं, पुन्हा माती.

आबांनी गिलाव्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. एक ढलपा काढला, मागची माती नखानं खरवडली आणि नाकाशी नेली. मग तुळया बघितल्या, कोपरे बघितले, उंबऱ्याची फट बघितली. मी चहा ठेवला होता, तो त्यांनी घरात घेतला नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला तेही लागलं. कप घेऊन बाहेर गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

"माय, या मातीले फवारानी दवाईना वास येस," ते म्हणाले. "तुना घरमा पाल नई, मुंगी नई. जठे मुंगी राहत नई, तठे पोर कशी राही?"

कप हातात होता. डॉक्टरांची बॅटरी डोळ्यांपुढे आली, आणि त्यांचे सोडवून सोडवून विचारलेले शब्द. मी उठून आत गेले, शिडी लावून माळ्यावरून डबा काढला आणि दारातल्या उजेडात धरला. त्याच्यावर लाल चौकट होती, कवटी होती, दोन हाडं होती. वर्षभर मी तो डबा हाताळत होते. मी शिकलेली होते, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हते. तो डबा मात्र शेतातला, पुरुषांच्या कामाचा, म्हणून मी त्यावर कधी नजर टाकली नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, हा मला मारेल. मारावं असंही वाटत होतं. तो ओट्यावर बसला. तो एवढंच म्हणाला, "डबा तर मीच आनेल शे."

दुसऱ्या दिवशी आम्ही घर सोडून मळ्यातल्या झोपडीत राहायला गेलो. आबांनी हिशोब सांगितला. भिंती चार बोटं खोल खरवडायच्या, जमीन हातभर खणायची, आणि ती माती नदीकडे, विहिरीकडे, गुरांच्या वाटेवर टाकायची नाही. शेताच्या बरड कोपऱ्यात, जिथं काही पिकत नाही, तिथं आम्ही खड्डा घेतला. तोंडाला फडकं, हातांना पिशव्या बांधून मी खरवडत होते. कोबा फोडला तेव्हा खालच्या जुन्या सारवणाचे पापुद्रे निघाले, एकावर एक. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक आठवडा. मी हातात घेऊन मोजायला लागले तेव्हा आबांनी माझ्या हातातून ते काढून घेतले.

मग गल्लीत जायचं राहिलं होतं. ते मी आठ दिवस टाळलं. शेवटी एका सकाळी घरोघर गेले आणि सांगितलं की ते झाकण बंद करा, जुनं सारवण खणून काढा, माझी पोर त्यानंच मरत होती. "बठ्ठासले तूच शिकाडं ना," वहिनी म्हणाली. सगळ्यांना मीच शिकवलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. तिनं त्याच दिवशी कुदळ घेतली. दोघीतिघींनी ऐकलं. एकीनं सांगितलं की आमच्याकडे कोणी आजारी नाही, दोष तुमच्या घरालाच असेल. आणि एका घरातलं तान्हं त्या पावसाळ्यात गेलं होतं. कशानं गेलं ते कोणी विचारलं नव्हतं. त्या दारात मी माझं बोलणं भराभर संपवलं आणि त्या माउलीच्या तोंडाकडे न बघता परत आले. आजही ती मला लग्नकार्यात भेटते, गोड बोलते, आणि मला तिच्याकडे बघता येत नाही.

घर पुन्हा उभं केलं ते आबांनी. जिथं कधी फवारणी झाली नव्हती अशा बांधावरची माती आणली, तीत गव्हाचा भुसा घालून आठ दिवस मुरवली, पायांनी तुडवली. मीही तुडवली. चुन्याची कळी खड्ड्यात विरवून तिचा हात भिंतींना दिला. प्लास्टिक काढलं, धाब्यातलं भोक मोकळं केलं. दारासमोरच्या भिंतीत नवी खिडकी पाडली, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. चूल त्या भोकाखाली घेतली. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीतच रचून ठेवतात, माणसं त्याच्याच कडेला झोपतात. तो आम्ही गोठ्याशेजारच्या खोलीत हलवला. बाजेवर उकळतं पाणी ओतलं आणि उन्हात उभी केली.

सगळं झालं तरी मला भरवसा वाटेना. मी रोज कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवायची आणि सकाळी जाऊन बघायची. खडा तसाच. पहिला आठवडा तसाच, दुसरा तसाच. मला वाटायला लागलं की ही जागाच आता मेली. सतराव्या सकाळी खड्याभोवती मुंग्या होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसून रडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं धुळ्याहून काही निरोप आला.

दिवाळीच्या आधी मी मुलीला आणायला गेले. ती पाच वर्षांची झाली होती, गाल भरले होते, एसटीत खिडकीशी बसून वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. गल्लीत शिरल्यावर ती गप्प झाली. ओट्यावर चढली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मी आत जाऊन तिला हाक मारली, बघ, नवी खिडकी बघ. ती हलेना. तिनं मोठा श्वास भरून घेतला, गाल फुगवले, मग काहीतरी आठवल्यासारखं तो सोडला.

"आई, श्वास धरून येऊ?" तिनं विचारलं.

मी विचारलं, असं का. ती म्हणाली, मी नेहमी धरूनच येते, आत आल्यावर जेवढा पुरतो तेवढा पुरवते.

धुळ्याहून परत आल्यावर दरवेळी ती दारात अशी गाल फुगवायची, ते मी पाहिलं होतं. मला तो खेळ वाटायचा. एकदा मी तिच्या फुगलेल्या गालांवर टिचकी मारून हसलेही होते.

मी उंबऱ्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, नको धरूस, घे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं खरं आहे की नाही, ते ती तपासत होती. मी मान हलवली. मग तिनं हळूच पाय आत टाकला आणि श्वास घेतला, आणि मी माझा धरून ठेवला.